फुफ्फुसाला पडलेला पीळ

२००३ साली टीव्हीवर एक जाहिरात आली. एक शाळकरी मुलगा, आणि तो जाईल तिथे त्याच्या मागोमाग जाणारे, चुरगळलेल्या तोंडाचे एक छोटेसे कुत्रे. ‘हच’ या मोबाइल कंपनीची ती जाहिरात. २००७ मध्ये हचचे व्होडाफोन झाले, कंपनीचे नाव पुसले गेले, पण ते कुत्रे आपल्या मध्यमवर्गीय घरांत कायमचे शिरले. ‘पग’ हे जातीचे खरे नाव ठाऊक नसलेली माणसेही माझ्या दवाखान्यात येऊन ‘आमचं हचचं कुत्रं’ असे सांगू लागली. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो १९८६ साली, म्हणजे कॉलेजच्या शताब्दीच्या वर्षी. तेव्हापासून त्या जाहिरातीपर्यंतच्या सतरा वर्षांत मी पाहिलेले पग हाताच्या बोटांवर मोजता आले असते. नंतर मात्र आठवड्याला तितके येऊ लागले.

या जातीविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पगचे तोंड चपटे दिसते म्हणून आतले सामान काही कमी झालेले नसते. नाकाची लांबी माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करकरून घटवली, पण टाळूचा मऊ पडदा तेवढाच राहिला. तो घशात लोंबतो. नाकपुड्यांच्या जागी दोन चिरा असतात. श्वासनळीही पुष्कळदा अंगाच्या मानाने बारीक. त्यामुळे हे कुत्रे झोपेत घोरते आणि जागेपणी सुसू करते. आपल्याला त्याचे कौतुक वाटते, आपण त्याचा व्हिडिओ काढतो. प्रत्यक्षात ते बिचारे प्रत्येक श्वासासाठी मेहनत करत असते.

अशाच एका पगची ही हकिगत आहे. त्याचे नाव गोट्या. डोळे तसेच होते, काचेच्या मोठ्या गोट्यांसारखे बाहेर आलेले. वय दोन वर्षे, वजन साडेआठ किलो. पुण्यात कर्वेनगरला राहणाऱ्या एका कुटुंबाचा तो शेंडेफळ. घरात वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीत आणि पंचाहत्तरीला टेकलेल्या आजी. कुत्रे हवे म्हणून हट्ट मुलीने धरला होता आणि दिवसभर सांभाळले मात्र आजींनी. हे घरोघरी असेच होते.

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. गोट्याने तीन-चार दिवस खाणे सोडले होते, अंगात ताप होता, मधूनच खोकत होता. जवळच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविकांची इंजेक्शने सुरू केली. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. पावसाळ्यात खोकणारे, तापलेले कुत्रे समोर आले तर शंभरातले नव्याण्णव डॉक्टर तेच करतील, मीही केले असते. पण चौथ्या दिवशी गोट्याच्या खोकल्यातून गुलाबी फेस आला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास सगळे कुटुंब, आजींसकट, रिक्षा करून माझ्या दारात उभे राहिले.

गोट्या मुलीच्या मांडीवर मान ताठ करून, कोपर अंगापासून फाकवून बसला होता. आडवा व्हायला तयार नव्हता. दम लागलेल्या जनावराची ही बसण्याची रीत पशुवैद्याला दारातूनच ओळखू येते. कुत्रे शांत बसलेले असताना मिनिटाला वीस-तीस श्वास घेते; याचे मी सत्तर मोजले. ताप १०४. हिरड्यांचा गुलाबी रंग उतरून जांभळट झाक आलेली. छातीच्या उजव्या बाजूला नळी लावली तर श्वासाचा आवाज स्पष्ट, डाव्या बाजूला पुढच्या भागात जवळजवळ शांतता. न्यूमोनियात छाती कुरकुरते, घरघरते. इथे मधे काहीतरी भरले होते.

प्राणवायूचा मास्क नाकाशी धरून छातीत सुई घातली. तांबडे, पातळ पाणी आले, सुमारे दीडशे मिलिलिटर. भांड्यात ते गोठले नाही. ताजे रक्त गोठते. छातीत काही काळ साचून राहिलेले गोठत नाही. गोट्याचा श्वास थोडा सुटला, तेवढ्या अवधीत एक्स-रे काढून घेतला.

तो एक्स-रे मी अजून जपून ठेवला आहे. डाव्या फुफ्फुसाचा पुढचा भाग पांढराफेक दिसत होता आणि त्या पांढऱ्यात असंख्य बारीक काळे ठिपके होते, अनारशाला जाळी पडते ना, तसे. निरोगी फुफ्फुस हवेने भरलेले, म्हणून एक्स-रेत काळे दिसते. न्यूमोनियात ते पांढरे होते, पण त्यात श्वासनलिकांच्या काळ्या फांद्या झाडासारख्या उमटतात. इथे फांद्या नव्हत्या, नुसती जाळी. हवा आत कोंडली गेली होती आणि तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर तो भाग फुफ्फुसासारखा दिसतच नव्हता, यकृतासारखा भरीव दिसत होता आणि मधोमध हवेचे चमकते कण. कोवळ्या वयाचा, नर पग, डाव्या बाजूचा पुढचा खंड, अनारशाची जाळी आणि छातीत रक्ताचे पाणी. पुस्तकात वाचले होते, समोर पहिल्यांदाच येत होते. फुफ्फुसाच्या खंडाला पीळ पडला होता.

पीळ पडणे हा प्रकार आमच्या व्यवसायात नवा नाही. घोड्याच्या आतड्याला पडतो, ग्रेट डेनसारख्या उंच कुत्र्याच्या पोटाला पडतो. मुंबईत परळच्या ज्या रुग्णालयाला सगळे ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, तिथे शिकताना घोड्याच्या पिळाची तडफड मी पाहिली होती. पण फुफ्फुसाला पीळ? तो पडतो तरी कसा?

माणसाच्या उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. कुत्र्याच्या उजव्या बाजूला चार आणि डाव्या बाजूला दोन. प्रत्येक खंड म्हणजे देठाला लोंबणारे फळ समजा. त्या देठातून श्वासनलिका, धमनी आणि शीर अशा तिघी आत-बाहेर जातात. एरवी हे खंड एकमेकांना, बरगड्यांना आणि हृदयाला इतके बिलगून असतात की त्यांना वळायला जागाच नसते. पण कधी छातीत पाणी साचले, कधी शेजारचा खंड आकसला किंवा शस्त्रक्रियेत काढला, की मोकळी जागा होते आणि एखादा खंड देठाभोवती फिरतो. अफगाण हाउंडसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे बहुधा उजव्या बाजूच्या मधल्या खंडाला होते. पगमध्ये मात्र डावीकडच्या पुढच्या खंडाला, आणि तेही पुष्कळदा काही निमित्त नसताना. त्यांच्या श्वासनलिकेची कुर्ची जन्मतःच मऊ असते, त्यामुळे असे होत असावे, असा तज्ज्ञांचा संशय आहे.

पुढचे नुकसान कसे होते, हे मी त्या रात्री गोट्याच्या वडिलांना सोसायटीच्या टाकीचे उदाहरण देऊन सांगितले. शीर पातळ भिंतीची, मऊ; पिळात ती आधी दबते. धमनी जाड, तिच्यात दाबही जास्त. ती काही काळ रक्त ढकलत राहते. म्हणजे टाकीत पाणी येणे चालू आणि जाण्याचा पाइप बंद. खंड फुगतो, टणक होतो, त्यातून रक्ताचे पाणी छातीत पाझरते. मग धमनीही बंद पडते आणि तो भाग मरू लागतो. मेलेला भाग शरीरात ठेवून कोणतेही प्रतिजैविक उपयोगी पडत नाही, कारण औषध रक्तातून जाते आणि तिथे रक्तच पोचत नाही.

“म्हणजे ऑपरेशन,” वडील म्हणाले.

“छाती उघडून तो खंड काढून टाकायचा. आज रात्रीच.”

वडील गप्प झाले. मुलगी रडू लागली. आईने खर्च विचारला, मी सांगितला. ज्या किमतीला कुत्रे घेतले होते त्याच्या तिप्पट रक्कम होती. अशा वेळी दवाखान्यात जी शांतता पसरते तिची सवय मला इतक्या वर्षांतही झालेली नाही. माणसांचा विमा असतो, कर्ज मिळते, नातेवाईक धावून येतात. कुत्र्यासाठी कोणापुढे हात पसरायचा? आणि पसरला तर लोक काय म्हणतील, हा विचार मध्यमवर्गीय माणसाला पैशापेक्षा जड जातो. या घटकेला जी माणसे ‘नको’ म्हणतात, त्यांना निष्ठुर समजण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

वडिलांनी मला नेमके प्रश्न विचारले. बँकेतला माणूस. वाचण्याची शक्यता किती? मी त्यांना त्याआधीच्या वर्षी, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. २००५ ते २०१७ या काळात फुफ्फुसाला पीळ पडलेल्या ५२ कुत्र्यांची ती पाहणी. त्यात पगच सर्वांत जास्त होते, आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांतली दहापैकी नऊ कुत्री घरी परतली होती. पण हेही सांगितले की त्या कुत्र्यांना सीटी स्कॅन, व्हेंटिलेटर, चोवीस तास नर्स असे सगळे मिळाले होते. माझ्याकडे रात्री नऊ वाजता सीटी नव्हते. भूल देणारा चांगला सहकारी होता, प्राणवायू होता, आणि कपाटात स्टेपलरचे एक कार्ट्रिज होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात. “तुमचं कुत्रं असतं तर?”

हा प्रश्न मला आवडत नाही. माझे कुत्रे असते तर मला बिल आले नसते. तसे मी बोलूनही दाखवले. पण एवढे म्हणालो, की हा कर्करोग नाही, म्हातारपण नाही. दोन वर्षांचा जीव आहे, नडलेला भाग एकच आहे, आणि तो काढला तर बाकीचे पाच खंड त्याला पुरतात.

ते उठून व्हरांड्यात गेले. पाऊस कोसळत होता. आजी इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या गोट्याच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाल्या, “माणसांना होतं का हो असं?” होते, मी सांगितले, क्वचित होते. उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड शस्त्रक्रियेने काढला, तर मधला खंड मोकळा पडून फिरू शकतो. म्हणून छाती बंद करण्यापूर्वी कित्येक सर्जन तो खालच्या खंडाला टाके घालून बांधून ठेवतात. आजींनी मान डोलावली. “म्हणजे शेजारी गेला की तोल जातो,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात वडील आत आले. “करा,” म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत बसले.

पगला भूल देणे ही अर्धी शस्त्रक्रिया असते. आधी पाच मिनिटे मास्कने नुसता प्राणवायू. मग शिरेतून औषध, आणि डोळे मिटताक्षणी तो लोंबता पडदा बाजूला सारून श्वासनळीत नळी. इथे उशीर चालत नाही. एकदा छाती उघडली की आतली पोकळी बाहेरच्या हवेला मिळते आणि जनावर स्वतः श्वास घेऊ शकत नाही. कोणीतरी रबरी पिशवी दाबून प्रत्येक श्वास त्याला द्यावा लागतो. माझे सहकारी पाऊण तास स्टुलावर बसून दर चार-पाच सेकंदांनी पिशवी दाबत होते. त्या पाऊण तासात गोट्याचा श्वास त्यांच्या पंजात होता.

डाव्या बाजूने, पाचव्या बरगडीच्या मागून आत शिरलो. उरलेले रक्ताचे पाणी ओढून काढले आणि तो खंड दिसला. निरोगी फुफ्फुस फिकट गुलाबी, स्पंजासारखे, दाबले तर हलके कुरकुरणारे. हा खंड काळ्या वांग्याच्या सालीसारखा चकचकीत जांभळा आणि हाताला यकृतासारखा टणक. बोट मुळाशी नेले तर देठाचा पीळ दोरीच्या वेढ्यासारखा लागला.

माझ्यासोबत तेव्हा नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी उमेदवारी करत होती. तिने खंड हातात तोलला आणि तिचे मनगट आपोआप उलट्या दिशेला वळू लागले. “सर, पीळ सोडवू?” पीळ दिसला की सोडवावा, ही हाताची उपजत वृत्तीच आहे, धुणे असो की बाळाच्या पाळण्याची दोरी. पण इथे तसे करायचे नसते. मेलेल्या भागात विषारी द्रव्ये आणि रक्ताच्या गुठळ्या साठलेल्या असतात. पीळ सुटला तर दबलेली शीर उघडते आणि हा सगळा गाळ एकदम हृदयाकडे आणि तिथून सर्व अंगात जातो. म्हणून जसा आहे तसा, पिळासकट, देठ मुळाशी बंद करायचा आणि मगच कापायचा. तिला मी एवढेच म्हणालो, “हलवू नकोस. आहे तसाच धर.” स्टेपलरने एका दाबात देठावर बारीक टाचण्यांच्या तीन ओळी बसल्या. पूर्वी हेच काम दोऱ्याने करायचो तेव्हा धमनी, शीर आणि नलिका वेगवेगळी बांधताना घाम फुटायचा. खंड कापून ट्रेमध्ये ठेवला. साऱ्या प्रकरणाचे मूळ एका मुठीत मावत होते.

त्यानंतरची परीक्षा सायकलच्या दुकानातली. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवतात ना, तसे छातीत कोमट सलाइन ओतले आणि सहकाऱ्यांना पिशवी दाबून फुफ्फुस फुगवायला सांगितले. बुडबुडे आले तर टाचण्यांतून हवा गळते आहे असे समजायचे. आम्ही तिघे त्या पाण्याकडे पाहत राहिलो. दोनदा, तीनदा फुगवले. पाणी स्वच्छ राहिले, एकही बुडबुडा नाही. बरगड्यांच्या नसांजवळ बधिर करणारे इंजेक्शन दिले, छातीत एक निचऱ्याची नळी ठेवली आणि बरगड्या जवळ ओढून टाके घातले.

पगला भुलेतून उठवताना घशातली नळी अगदी शेवटच्या घडीपर्यंत काढायची नसते. इतर कुत्री थोडी शुद्ध येताच खोकून नळी बाहेर ढकलतात. पग तसे करत नाही. गोट्याने डोळे उघडले, मान उचलली, इकडेतिकडे पाहिले, आणि तोंडात नळी धरून तसाच शांत बसून राहिला. शेपटीचे टोकही हलले असेल. जन्मात पहिल्यांदा त्याला विनासायास श्वास मिळत होता. कोणत्याही पगला असे बसलेले पाहिले की मला त्या जाहिरातीची आठवण येते आणि हसू येत नाही.

पहिल्या रात्री दर तासाला निचऱ्याच्या नळीतून पाणी ओढून मोजायचे होते. माझ्याकडे रात्रीला एकच मदतनीस. वडील म्हणाले, “मी बसतो, मला दाखवा कसं करायचं.” पहाटे येऊन पाहतो तो पिंजऱ्याजवळ स्टूल घेऊन ते बसले होते आणि कागदावर तास, मिलिलिटर आणि श्वासाची गती असे तीन रकाने आखून मोत्यासारख्या अक्षरात नोंदी केल्या होत्या. खाली बेरीजही मारली होती. पाणी रोज कमी होत गेले आणि तिसऱ्या दिवशी नळी काढली. खाण्याचा मात्र तंटा झाला. गोट्याला ताकद यावी म्हणून उकडलेली कोंबडी द्या म्हटले, तर घरात अंडेसुद्धा येत नसे. शेवटी सूप दवाखान्यात शिजायचे आणि डबा घेऊन आलेल्या आजी तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर तोंड फिरवून बसायच्या.

काढलेला खंड प्रयोगशाळेत पाठवला होता. वयस्क कुत्र्यात पिळाच्या मुळाशी एखादी गाठ दडलेली असू शकते, म्हणून ही तपासणी टाळायची नसते. अहवालात गाठ, बुरशी, जंत काही नव्हते. रक्त साकळून मेलेला भाग, एवढेच. दहाव्या दिवशी टाके काढायला गोट्या स्वतःच्या पायांनी चालत आला आणि टेबलावर चढवताच माझ्यावर गुरगुरला.

एवढ्यावर हे प्रकरण मिटले नाही. नोव्हेंबरमध्ये वडील पुन्हा आले, एकटेच, थोडे अवघडलेले. “डॉक्टर, गोट्याला स्थळ आलंय,” म्हणाले. पगची पैदास करणाऱ्या कोणा गृहस्थाने त्याचे रूप पाहून मादीसाठी मागणी घातली होती. पैसेही देऊ केले होते, किंवा एक पिल्लू. शस्त्रक्रियेचा बराच खर्च त्यातून निघाला असता, आणि त्यांना त्या पैशांची गरज होती हे मला ठाऊक होते.

पीळ बापाकडून पिल्लांत उतरतो, असे सिद्ध झालेले नाही आणि मी तसे म्हणालोही नाही. पण चिरांसारख्या नाकपुड्या आणि लोंबता पडदा नक्की उतरतो. नेदरलँड्सने २०१४ च्या कायद्याने पिल्लांना त्रास होईल अशी पैदास रोखली आणि २०१९ मध्ये मापच ठरवून दिले: कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा तोंड आखूड असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायला मनाई. त्या मापपट्टीवर आपल्याकडचे बहुतेक पग नापास होतील. आपल्याकडे २०१७ चे श्वानपैदाशीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही, असे बरेच काही त्यांत लिहिले आहे. तोंडाच्या लांबीवर बंधन नाही. ते घालायचे की नाही, हे सध्या तरी मागणी घालणाऱ्यांच्या आणि देणाऱ्यांच्या मर्जीवर आहे.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “नाकपुड्या मोठ्या करता येतात का?” येतात, म्हटले, आणि तो पडदाही छाटता येतो. जानेवारीत एकाच भुलेत गोट्याच्या नाकपुड्या रुंद केल्या, पडदा आखूड केला आणि नसबंदीही उरकली. स्थळ परत गेले. पंधरा दिवसांनी आजींचा फोन आला. गोट्या रात्री घोरत नाही, खोलीत कसलाच आवाज येत नाही, म्हणून त्यांना झोप लागत नव्हती. दोनदा उठून त्याच्या नाकाशी हात धरून पाहावे लागते म्हणाल्या, आणि हे असेच चालायचे का, ते मला विचारत होत्या.